सायमा लाहतीचा सौदा

उत्तरेकडच्या बर्फाळ पोर्टेज बे गावात कुणाच्या घरचं म्हातारं माणूस गेलं, की दफनविधी उरकल्यावर आठवडाभरात सायमा लाहतीला बोलावणं यायचं. मुलं डेट्रॉइटला नाहीतर शिकागोला असायची, घर रिकामं करायचं असायचं, आणि आईच्या कपबशा अंगणात मांडून शेजाऱ्यांशी घासाघीस करायची कुणाची छाती व्हायची नाही. सायमाची व्हायची. तिचा नवरा टाउनो खिळखिळ्या खुर्च्या ठोकून द्यायचा, घड्याळांना तेल घालायचा, आणि ती विकायची. त्या धंद्यात तिला एक गोष्ट पक्की कळली होती. वस्तूला स्वतःची अशी किंमत नसते, समोर कोण उभं आहे त्यावर ती ठरते. कोळ्यांच्या वस्तीत दिवसभर धूळ खात पडलेलं एक शिलाईचं मशीन तिने उचलून चर्चच्या महिला मंडळापुढे नेऊन ठेवलं, तर त्यावरून दोघी बायका पुढे वर्षभर एकमेकींशी बोलत नव्हत्या.

दिनो पेलेग्रिनी हा तिच्या शाळेतला. टायरच्या दुकानावर त्याने बऱ्यापैकी मिळवलं होतं, आणि पन्नाशीला आल्यावर त्याला गावासाठी काहीतरी मोठं करायची हुक्की आली. त्याने व्यावसायिक बास्केटबॉलचा संघ काढला. टीव्हीवर दिसते ती बड्या शहरांची लीग वेगळी. ही लहान गावांची. बड्या लीगमध्ये जाता जाता राहिलेले, किंवा तिथून घसरलेले खेळाडू इथे खेळायचे, पण पगार मिळायचा आणि तो दर आठवड्याला मिळायचा. गावातल्या सगळ्यांचे आजे तांब्याच्या खाणीत राबलेले, म्हणून संघाचं नाव मायनर्स ठेवलं. सामने आइस हॉकीच्या रिंगणात व्हायचे, बर्फावर लाकडी फळ्या टाकून. खालून असा गारवा यायचा, की राखीव खेळाडू बाकावर पाय वर घेऊन बसायचे.

दिनोने सायमाला तिकिटांच्या खिडकीवर बसवलं. संघाचं ऑफिस म्हणजे एकच खोली आणि तीत एकच फोन, आणि तो तिच्या टेबलावर. त्यामुळे प्रशिक्षक मेल्विन ग्रेडी फोनवर जे काही करायचा ते सगळं तिच्या कानावर पडायचं.

ग्रेडी डेट्रॉइटचा. खेळातलं त्याला फार कळायचं. प्रतिस्पर्ध्याचा संघ मैदानात उतरला, की कुणाचा कुठला खांदा दुखतोय हेसुद्धा तो सांगायचा. पण डोकं तापट. संघ हरला, की दुसऱ्या सकाळी तो फोन उचलायचा आणि ज्याने चेंडू घालवला त्याला उभ्या उभ्या दुसऱ्या संघाला देऊन टाकायचा. बदल्यात जो मिळेल तो घ्यायचा. लीगमधल्या बाकीच्या मॅनेजरांना हे लवकरच समजलं. मायनर्स हरले, की सकाळी तेच आधी फोन करू लागले, अगदी गोड आवाजात.

पहिला हिवाळा संपेपर्यंत सायमा गप्प राहिली. मग एक दिवस ती टायरच्या दुकानात जाऊन दिनोसमोर बसली.

"दिनो, पंक्चर झालेली गाडी ढकलत गिऱ्हाईक तुझ्या दारात आलं, तर टायरचा भाव कोण ठरवतं?"

"मी. आणखी कोण ठरवणार?"

"मग हरल्यावर दुसऱ्या सकाळी आपण पंक्चर असतो. आणि तरी त्याच सकाळी सौदा करतोय आपण."

दिनोने अदलाबदलीचा फोन तिच्याकडे सोपवला. ग्रेडी दोन दिवस घुश्श्यात होता. सायमाने त्याला सांगितलं, कुठला खेळाडू हवा आणि कुठला नको हे तुम्हीच ठरवायचं, त्यात मी नाक खुपसणार नाही. तो कसा आणायचा, एवढंच माझ्यावर सोडा. ग्रेडीला ते पटलं, किंवा पटल्यासारखं त्याने दाखवलं, आणि कामाला लागला.

पहिलीच परीक्षा रिकी व्हान्सची निघाली. हा पोरगा चेंडू हातात आला की कुणालाच द्यायचा नाही, सरळ बास्केटकडे फेकायचा. ग्रेडीशी त्याचं रोज वाजायचं. ग्रेडी म्हणाला, हा मला उद्या इथे दिसता कामा नये. सायमा म्हणाली, उद्या घालवला तर कवडीही मिळणार नाही. पुढच्या आठवड्यात आपण विस्कॉन्सिनला खेळतोय, तिथल्या मॅनेजरच्या, त्या क्रेगरच्या डोळ्यांदेखत याला पूर्ण वेळ खेळवा आणि हवे तेवढे चेंडू फेकू द्या. ग्रेडीने दात आवळून ते केलं. त्या दिवशी व्हान्सचं काय झालं कोण जाणे, फेकलेला चेंडू आत जात होता. दुसऱ्या सकाळी क्रेगरचा फोन आला. सायमाने आधी त्याच्याकडे बर्फ किती पडला ते विचारलं, मग त्याच्या बायकोच्या पाठीचं विचारलं, आणि व्हान्सचं नाव निघाल्यावर नुसता सुस्कारा सोडला. आमच्या कोचला विचारावं लागेल, म्हणाली.

शेवटी व्हान्स गेला आणि त्याच्या जागी विस्कॉन्सिनचा एक दणकट, कमी बोलणारा, दुसऱ्यांसाठी राबणारा गडी आला. शिवाय क्रेगरचा संघ नवी बस घेणार होता, तर जुनी बस सायमाने मागून घेतली, कारण मायनर्स अजून तीन व्हॅनमध्ये कोंबून प्रवास करायचे. टाउनोने बसचं इंजिन उतरवून पुन्हा बसवलं. आणि अगदी फोन ठेवता ठेवता तिने क्रेगरची पुढच्या उन्हाळ्यातली खेळाडू निवडायची पाळीही मागितली.

ही पाळी म्हणजे अशी. दर उन्हाळ्यात कॉलेजातून बाहेर पडलेल्या पोरांमधून सगळे संघ आळीपाळीने एकेक निवडायचे. ज्याची पाळी आधी त्याला चांगलं पोर. ती पाळी एकमेकांना देता-घेता यायची. पण या लीगमध्ये पुढच्या वर्षी आपण जिवंत असू की नाही याचीच कुणाला खात्री नसायची, त्यामुळे पाळीला कुणी विचारत नव्हतं. भाजी घेतल्यावर मूठभर कोथिंबीर वर मागावी तशी सायमा प्रत्येक सौद्यात एखादी पाळी वर मागायची, आणि समोरचा हसून देऊन टाकायचा. असं करता करता तिच्याकडे पाळ्यांचा चांगलाच साठा झाला.

सगळेच सौदे असे फळले असं मात्र नाही. एका वर्षी तिने अ‍ॅरिझोनाकडचा, उन्हात वाढलेला एक उंचच उंच पोरगा आणला. फोटो बघितला, उंची ऐकली आणि दोन चांगले गडी देऊन मोकळी झाली. पोरगा ऑक्टोबरात आला तेव्हा हसतमुख होता. डिसेंबरात बर्फ खिडकीच्या वर चढला, तसा तो बोलेनासा झाला. नाताळच्या आधी एका सकाळी त्याने बॅग उचलली, बसस्टँड गाठला आणि गेला तो गेलाच. दिनो चार दिवस तिच्याशी धड बोलला नाही. सायमा स्वतःवरच चिडली होती. माणसाची उंची बघितली, माणूस बघितलाच नाही, असं ती टाउनोला म्हणाली. टाउनोने मान हलवली. टाउनो एकूणच मान हलवण्यावर भागवायचा.

तेव्हापासून तिने एक रिवाज पाडला. नवा खेळाडू आला, की रविवारी तिच्या घरी जेवायला. मांस-बटाटा भरलेल्या गरम पास्टी, मग मागच्या अंगणातल्या साउनाच्या लाकडी खोलीत वाफ, आणि शेवटी कॉफीबरोबर वेलदोड्याचा गोड पाव. जेवताना माणूस काय काय बोलतो. कुणाला घरची ओढ, कुणाचं प्रेम कुठे अडकलंय, कुणाला रात्री झोप लागत नाही. हे सगळं तिला पुढे उपयोगी पडायचं, आणि पोरांना घरचं जेवण मिळायचं. कुणाचंच नुकसान नव्हतं.

लूशस बॅस्कम आला तो असाच एका सौद्यातून, दुसऱ्या एका खेळाडूच्या जोडीला घातलेला. जॉर्जियाचा. तिशी उलटून गेलेली, लीग बदलत बदलत इथवर आलेला, कुठेच दोन वर्षांहून जास्त न टिकलेला. पहिल्या रविवारी साउनात शिरताना दाराच्या चौकटीवर त्याचं डोकं असं आपटलं, की आत बसलेल्यांना आवाज आला. पुढच्या रविवारी तो आला तेव्हा टाउनोने चौकट काढून हातभर वर बसवली होती. त्याबद्दल दोघं एक अक्षर बोलले नाहीत, पण त्या दिवसापासून लूशस दर रविवारी यायला लागला.

आणि पोर्टेज बेमध्ये त्याचं नशीब उघडलं. ग्रेडीने त्याला मध्यभागी उभा केला आणि सगळा खेळ त्याच्या भोवती फिरवला. लूशस धावायचा कमी, पण चेंडू कुठे येणार हे त्याला आधीच कळायचं. तो तिथे जाऊन उभा राहायचा आणि मैदानातल्या बाकीच्यांना ओरडून ओरडून जागा दाखवायचा. जानेवारीत मायनर्स ओळीने जिंकत गेले. रिंगण भरायला लागलं. शाळेतली पोरं त्याच्यासारखे मोजे खाली दुमडायला लागली. बेकरीवाली मिसेस ओयाला तर त्याच्या पिशवीत रोज एक डोनट जास्त टाकायची.

सायमालाही तो आवडायचा. पण एका रविवारी निघताना लूशस अंगणाच्या पायऱ्या उतरला तो आडवा होऊन, कठडा धरून, एकेक पाय जपून टाकत. ती दारात उभी होती.

तो गेल्यावर टाउनो म्हणाला, "गुडघे."

"बघितले मी," ती म्हणाली.

फेब्रुवारीच्या अखेरीला अदलाबदलीची मुदत संपायची. त्यानंतर तो हंगाम संपेपर्यंत जो जिथे असेल तिथेच. सायमा विचार करत राहिली. लूशसला आज जो भाव आहे तो परत कधी येणार नाही. पुढच्या हिवाळ्यापर्यंत ते गुडघे सगळ्या लीगला दिसतील, मग त्याला कुणी उभं करणार नाही, मायनर्ससुद्धा नाही. तिने ग्रेडीला विचारलं. ग्रेडी म्हणाला, मला तो जायला नको आहे, पण तुम्ही म्हणता ते खोटं नाही. दिनोला विचारलं तर तो दोन्ही हातांनी डोकं धरून बसला. लोक माझ्या टायरांना भोकं पाडून ठेवतील, म्हणाला.

मागणारे दोघं होते. क्रेगर दोन तरणे गडी द्यायला तयार होता, दोघंही उत्तम. फ्लोरिडाचा मॅनेजर होलिस ट्रॅव्हिक एकच देत होता, तोही त्याच्या बाकावर बसलेला. कुणीही क्रेगरला हो म्हटलं असतं. पण क्रेगरची रीत सायमाला माहीत होती. तो लूशसला रोज पूर्ण वेळ पळवणार, गुडघे संपेपर्यंत, आणि एप्रिलमध्ये टाकून देणार. तिचं मन तिथे अडत होतं. आधी सगळं पक्कं करू, मग लूशसला सांगू, असं तिने ठरवलं. अंगणात मांडलेल्या कपाटाला तू कुणाकडे जाशील असं काही विचारत नाहीत, तशी तिला सवय होती.

पण दिनोच्या पोटात काही राहत नसे. टायर बदलायला आलेल्या एका गिऱ्हाइकाजवळ तो हळहळला, आणि संध्याकाळच्या आत गावात ज्यांना कळायचं त्या सगळ्यांना कळलं. लूशस सोडून. दुसऱ्या सकाळी तो बेकरीत गेला तर मिसेस ओयालाने डोळे पुसत त्याच्या हातात एक अख्खा चॉकलेट केक ठेवला आणि म्हणाली, जाताना बरोबर घेऊन जा. कुठे जाताना, असं लूशसने विचारलं.

तो केकचा खोका घेऊन सरळ सायमाच्या टेबलासमोर येऊन उभा राहिला. बसला नाही.

"मिसेस लाहती, बेकरीतल्या बाईंनी मला केक दिला. फुकट. वर रडल्या. का, ते तुम्ही सांगता का?"

सायमाने सांगितलं. काही लपवलं नाही. विस्कॉन्सिन काय देतंय, फ्लोरिडा काय देतंय, सगळं.

लूशस ऐकून घेत होता. मग अगदी हळू म्हणाला, "दर रविवारी मी तुमच्या टेबलावर जेवलो. तेव्हा तुम्ही मला तोलत होतात?"

नाही म्हणणं सोपं होतं. "हो," ती म्हणाली. "ताटात वाढतानासुद्धा. ते माझं काम आहे, लूशस. तू पायऱ्या कशा उतरतोस ते मी बघितलं. आज तुला मागणारे दोघं आहेत. पुढच्या वर्षी कुणी नसेल, आणि तेव्हा तुला कळवायचं कामही माझ्याच गळ्यात येईल."

"गुडघ्यांचं मला तुमच्याआधी माहीत आहे. मला एकदा विचारायला काय झालं होतं?"

"तेवढं चुकलं माझं," ती म्हणाली.

लूशसने केकचा खोका तिच्या टेबलावर ठेवला आणि वाकून दारातून निघून गेला.

त्या रविवारी तो आला नाही. बाकीची पोरं आली, जेवली, पण कुणी मोठ्याने बोलेना. सायमा पुन्हा पुन्हा रस्त्याकडे बघत होती. जेवणं झाल्यावर टाउनो उठला. त्याने दोन पास्टी फडक्यात बांधल्या, टोपी घातली आणि बर्फातून चालत लूशस राहायचा त्या घराकडे गेला. तिथे काय झालं ते लूशसने पुढे कितीतरी वेळा रंगवून सांगितलं. टाउनो आत आला, पास्टी टेबलावर ठेवल्या, खुर्ची ओढून बसला आणि टीव्ही बघू लागला. बर्फावर मासे कसे धरायचे याचा कार्यक्रम चालला होता. तो संपला. दुसरा लागला, तोही संपला. लूशसने दोन्ही पास्टी खाल्ल्या. मग टाउनो टोपी घालत म्हणाला, "तिचं बोलावणं नाही. माझं आहे. साउना तापलाय."

लूशसच्या म्हणण्याप्रमाणे टाउनोच्या तोंडून इतकं लांब भाषण त्याने त्याआधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही. तो उठून त्याच्या मागे निघाला.

वाफ घेऊन, लालबुंद कानांनी तो स्वयंपाकघरात येऊन बसला, तेव्हा सायमाने कॉफी ओतली, पावाची लादी पुढे सरकवली आणि म्हणाली, "आता विचारते. तुला काय हवं आहे?"

लूशसने पावाचा एक तुकडा मोडला. मग म्हणाला, खेळून झाल्यावर त्याला शिकवायचं होतं. प्रशिक्षक व्हायचं होतं. हे त्याने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं. गुडघ्यांनी आणखी एक हिवाळा काढला तर ठीक, नाही काढला तर तो काय करणार हे त्याला खरंच ठाऊक नव्हतं.

मग तिने त्याला फ्लोरिडाचा देकार पुन्हा सांगितला.

"एवढंच?" लूशस म्हणाला.

"काय एवढंच?"

"माझ्या बदल्यात तुम्ही एवढंच मागितलंत? मिसेस लाहती, तुम्ही मला स्वस्तात काढताय."

सायमाला आधी राग आला, मग हसू आलं. लूशस पुढे सरकून बसला आणि बोटाने टेबलावर रेघा ओढत तिला समजावू लागला. ट्रॅव्हिकने दोन उंच पोरं मोठ्या हौसेने घेतली होती, पण त्यांना उभं कुठे राहायचं तेही कळत नव्हतं. त्यांच्याविरुद्ध लूशस दोनदा खेळला होता आणि दोन्ही वेळा त्याला त्यांची दया आली होती. पोरं चांगली आहेत, त्यांना बोलून सांगणारं कुणी नाही. माझे गुडघे नाही चालणार तिथे, माझं तोंड चालेल, असं तो म्हणाला. आणि बाकावरचा जो खेळाडू ट्रॅव्हिक देतोय तो नको, दुसरा मागा, कर्टिस एम्स. लांबून फेकणारा. त्यांच्या कोचला त्याची चाल आवडत नाही म्हणून कुजत पडलाय.

सायमाच्या लक्षात आलं, इतके दिवस ती लूशसला खेळाडू म्हणून तोलत होती आणि तिथेच चुकत होती. ट्रॅव्हिकला जे हवं होतं ते त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं. गिऱ्हाइकाला ते दाखवून द्यावं लागणार होतं. तिने ग्रेडीला फोन करून एम्सचं विचारलं. ग्रेडी म्हणाला, तो मिळत असेल तर मी गप्प बसतो.

सकाळी तिने ऑफिसचं दार लावून घेतलं आणि फ्लोरिडाला फोन लावला. लूशस तिच्या शेजारी जमिनीवर बसून रिसीव्हरला कान लावून ऐकत होता, आणि तरीही त्याचं डोकं तिच्या डोक्याच्या बरोबरीला येत होतं. तिने हवेची चौकशी केली. ट्रॅव्हिक म्हणाला, काय सांगू मॅडम, खिडकी उघडी टाकून बसलोय. मग तिने सहज म्हणून त्याच्या त्या दोन उंच पोरांचं विचारलं. ट्रॅव्हिकचा आवाज उतरला. मालक रोज विचारतो, म्हणाला. सायमाने बराच वेळ त्यालाच बोलू दिलं. मग तिने मागणं मांडलं. एम्स हवा, पुढच्या उन्हाळ्यातली पहिली पाळी हवी, आणि लूशसला हा हिवाळा खेळून झाल्यावर दोन वर्षं साहाय्यक प्रशिक्षकाची नोकरी, लेखी.

"मॅडम," ट्रॅव्हिक म्हणाला, "त्या गुडघ्यांसाठी एवढं?"

"गुडघे तुम्हाला फुकट देतेय, मिस्टर ट्रॅव्हिक. मी त्याच्या डोक्याची किंमत मागतेय. तो तुमच्या त्या दोन पोरांशेजारी महिनाभर उभा राहू दे, मालक तुम्हाला विचारायचं बंद करेल."

लूशसने अंगठा वर केला, आणखी मागा म्हणून. सायमाने त्याला डोळ्यांनी दटावलं. ट्रॅव्हिक म्हणाला, दोन दिवस विचार करतो. ती म्हणाली, जरूर करा, फक्त क्रेगरला मी आज दुपारी उत्तर द्यायचं कबूल केलंय, आणि तो दोघं देतोय. त्यात खोटं काहीच नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीआधी ट्रॅव्हिकचा फोन आला. सगळं कबूल. लूशसने तिच्या बाहीला हिसका देऊन कानात काहीतरी सांगितलं, आणि सायमाने सगळं धैर्य एकवटून संत्र्यांची एक पेटीही मागितली, नवऱ्यासाठी. ट्रॅव्हिक इतका हसला की लूशसला रिसीव्हर कानापासून लांब धरावा लागला.

तो गेला त्या दिवशी टाउनो त्याला विमानतळावर सोडायला गेला. सायमाने वाटेत खायला पास्टी बांधून दिल्या. लूशस वाकून तिला मिठी मारत म्हणाला, "पुढच्या वेळी आधी विचारा."

"पुढच्या वेळी तूच फोनवर बस," ती म्हणाली.

गावाने मात्र तोंड फिरवलं. मिसेस ओयाला तिला शिळा पाव द्यायला लागली, निदान सायमाला तरी तो शिळा लागायचा. पुढच्या सामन्याला वरच्या रांगेत कुणीतरी फलक धरला होता, सायमाच्या बदल्यात काय मिळेल? तिने तो कुणी रंगवला याची चौकशी केली. पोस्टातला एक माणूस निघाला. त्याला गाठून ती म्हणाली, जे मिळेल ते घेऊ नका, थोडं ताणून धरा. दिनो रोज रिकाम्या रांगा मोजत होता आणि सुस्कारे टाकत होता.

कर्टिस एम्स पहिले काही सामने बिचकत खेळला. मग एका शनिवारी त्याने मैदानाच्या अर्ध्यापासून चेंडू फेकला आणि तो आत गेला. पुन्हा फेकला, पुन्हा आत. रिंगणातली माणसं उठून उभी राहिली. त्याची चाल खरोखरच विचित्र होती, बदकासारखी. आठवडाभरात शाळेतली पोरं तशी चालायला लागली. मायनर्स उपांत्य फेरीपर्यंत गेले आणि तिथे सपाटून हरले. दुसऱ्या सकाळी ग्रेडीने सवयीने फोनकडे हात नेला, सायमाने रिसीव्हरवर हात ठेवला, आणि दोघं हसत सुटले.

उन्हाळ्यात त्या पहिल्या पाळीवर ग्रेडीने मिनेसोटाचा एक हडकुळा पोरगा निवडला. तो दोन वर्षं पोर्टेज बेमध्ये खेळला, सायमाच्या हातच्या पास्टी खाऊन भरला आणि बड्या लीगमध्ये गेला. त्याचा पहिला सामना टीव्हीवर दिसला त्या रात्री गावातला एकूणएक माणूस आपणच त्याला ओळखलं असं सांगत होता. पोस्टातला तो फलकवाला सगळ्यांत मोठ्याने.

लूशसचे गुडघे वसंत ऋतूतच संपले. पण तोवर ट्रॅव्हिकची दोन उंच पोरं योग्य जागी उभी राहायला शिकली होती, आणि मालकाने विचारायचं बंद केलं होतं. नोकरी कागदावर होती, तेव्हा लूशस तिथेच राहिला, जॉर्जियाहून बायको-मुलीला घेऊन आला, आणि ट्रॅव्हिक सोडून गेल्यावर संघ त्याच्याच हातात आला. प्रशिक्षकही तोच, फोनवर बोलणाराही तोच.

एका नोव्हेंबरात त्याचा फोन आला. त्याने आधी बर्फाचं विचारलं. मग टाउनोच्या दाढेचं विचारलं. मग चर्चमधल्या नव्या पाद्रीबाबांचं. सायमाला बरं वाटलं, ती भरभरून बोलली, आणि बोलता बोलता राखीव बाकावरचा एक फॉरवर्ड, म्हणजे पुढे चढाई करणारा गडी, एका मामुली गड्याच्या बदल्यात त्याला देऊन बसली. महिन्याभराने फ्लोरिडाचा संघ पोर्टेज बेला खेळायला आला. त्या फॉरवर्डने मायनर्सची अशी दाणादाण उडवली, की ग्रेडीने टोपी काढून जमिनीवर आपटली. लूशस समोरच्या बाजूला कोट घालून उभा होता आणि सायमाकडे बघत नव्हता, मुद्दामच.

त्या रविवारी निघण्याआधी तो जेवायला आला. टाउनोला सगळी हकिगत सांगितल्यावर टाउनो हसायला लागला, आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत राहिला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण सायमाने त्याला असं हसताना फार क्वचित बघितलं होतं. तिने दोघांच्याही ताटात आणखी एकेक पास्टी वाढली. मग कॉफी ओतत लूशसला सहज म्हणून विचारलं, तुमच्याकडे तो एक डावखुरा आहे ना, कसा काय चाललाय?

लूशसने हातातला काटा खाली ठेवला आणि सावध होऊन बसला.